लग्नानंतर जीएनएम: वडगावच्या घरातून नर्सिंग रजिस्ट्रेशनपर्यंत

जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा डिप्लोमा, मी लग्नानंतर केला आणि यंदा माझं कर्नाटक स्टेट नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, म्हणजे नर्स म्हणून नोंदणी, झाली. तेव्हापासून गल्लीतल्या, माहेरच्या, मुलाच्या शाळेत भेटणाऱ्या बायका विचारतात, लग्नानंतर जमतं का गं, कन्नड येत नसेल तर चालतं का, पैसे किती लागतात. प्रत्येकीला उभ्या उभ्या सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून सलग लिहून ठेवते. गंमत अशी की प्रवेशाचं सगळ्या विचारतात, वॉर्डात काय करावं लागतं ते एकही विचारत नाही. मला जड गेलं ते तेच, त्यामुळे लिहिताना मी तिकडेच जास्त रेंगाळणार आहे.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. एसएसएलसी, म्हणजे दहावी, मराठी माध्यमातून, पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, सायन्स खानापुरात. मग लग्न, बेळगावात वडगाव, नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, एक मुलगा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचं सगळं अंथरुणात करावं लागलं. आठवड्यातून एकदा एक सिस्टर ड्रेसिंगला यायच्या. त्या आल्या की सासरे शांत व्हायचे आणि मी मात्र त्यांच्या हाताकडे बघत बसायचे. सासरे गेल्यावर सासूबाईच म्हणाल्या, ‘तुझा हात चांगला हाय, शिक की.’ तेव्हा मी २८ वर्षांची होते. जीएनएमला वयाची अट १७ ते ३५ अशी आहे, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. तुमच्यापैकी कुणाचं ‘आता कुठे’ चाललं असेल तर आधी जन्मतारीख बघा.

२०२१ च्या ऑक्टोबरात खासगी कॉलेजात प्रवेश घेतला. कोर्स तीन वर्षांचा, फी वर्षाला ६५ हजार, युनिफॉर्म आणि फाइली वेगळ्या. कागद नेहमीचेच: एसएसएलसी आणि पीयूसीचं मार्क्स कार्ड, टीसी, फिटनेस, आधार आणि नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातून, जातीचा-उत्पन्नाचा दाखला. आम्ही ३-बी ह्या मागासवर्गाच्या गटात येतो, त्यामुळे राज्याच्या एसएसपी पोर्टलवर स्कॉलरशिपचा अर्ज भरता आला. पैसे आले, पण वर्ष संपत आल्यावर. ते धरून हिशेब करू नका. पहिल्या वर्षाची फी माझ्या पाटल्यांवर कर्ज काढून भरली. २०२३ च्या जूनपासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बसचं तिकीट माफ झालं. त्याआधीचा बसचा खर्च आठवला की अजून चिडचिड होते.

एक गोष्ट मात्र प्रवेशाच्या आधीच करा. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर जे नाव आहे आणि आधारवर जे नाव आहे, ते शेजारी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. लग्न झालेल्यांनी तर नक्कीच. ह्याचं काय झालं ते पुढे येईल.

पहिलं वर्ष म्हणजे इंग्रजी. पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी, वर्गात निम्म्या मुली कन्नड माध्यमाच्या, तीन-चार आम्ही मराठीच्या, आणि सगळ्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. पहिल्याच आठवड्यात मी ‘अक्का’ झाले ती शेवटपर्यंत. त्याचा फायदाही झाला: त्या मला कन्नड शिकवायच्या, मी त्यांना डब्यातलं द्यायचे. अभ्यास रात्री, मुलगा झोपल्यावर. प्रत्येक विषयात लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ५० टक्के लागतात. थिअरीला ८० टक्के हजेरी चालते, पण वॉर्डाची हजेरी शंभर टक्के भरावी लागते. चुकलेली ड्युटी नंतर भरून द्यावी लागतेच. त्यामुळे मुलाचा ताप, सासूबाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन, माझी बहीण बाळंत झाली ते, सगळं मी पुढे सुट्टीत भरून दिलंय. घरी हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वॉर्डात पाठवण्याआधी हिपॅटायटिस-बी ची लस घ्या. तीन डोस असतात, दुसरा महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी, म्हणजे प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात सुरुवात केलीत तरच वेळेत उरकतं. आणि सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ घ्या. वॉर्डात मोबाइल काढता येत नाही. माझं तीनशेचं घड्याळ अजून चालू आहे.

आमची पोस्टिंग तीन-चार दवाखान्यांत फिरती होती. पुढे जे सांगते ते कुठल्या दवाखान्यात घडलं ते लिहिणार नाही, आणि पेशंटबद्दलचे तपशीलही बदललेत. बेळगाव एवढंसं आहे, वर्णनावरून माणूस लगेच ओळखू येतो.

पहिली पोस्टिंग मेडिकल वॉर्डात. पहिले दिवस बेड मेकिंग आणि टीपीआर, म्हणजे टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वॉर्डातले जुने चार्ट चाळले तर सगळ्या पेशंटचा श्वास १८. म्हाताऱ्याचा १८, दम्याच्या बाईचा १८, कालचा १८, परवाचाही १८. कारण श्वास कुणी मोजतच नाही. टेंपरेचरला थर्मामीटर आहे, नाडीला बोटं आहेत, श्वासाला काहीच यंत्र नाही, नुसतं एक मिनिट बघत उभं राहायचं. आणि चाळीस पेशंटांच्या वॉर्डात ‘नुसतं उभं राहायला’ वेळ कुणाकडे असतो?

आमच्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरांनी आम्हाला मोजायला शिकवलं ते असं. पेशंटचा हात धरायचा, नाडी मोजायची. ती झाली की हात सोडायचा नाही, तसाच त्याच्या छातीवर हलका टेकवायचा आणि नाडीच मोजतोय असं दाखवत श्वास मोजायचे, पूर्ण साठ सेकंद. ‘आता श्वास मोजते हं’ म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मोठ्या माणसाचा मिनिटाला १२ ते २० असायला हवा. माझ्या बरोबरची बैलहोंगलची मुलगी एका आज्जांचा मोजत होती, ३२ आला. तिनं परत मोजला, पुन्हा तेवढाच. कार्डावर सकाळपर्यंत १८. ती घाबरून मला म्हणाली, ‘अक्का, माझंच चुकतंय वाटतं.’ सिस्टर आल्या, त्यांनी स्वतः मोजला, डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लावला. न्यूमोनिया वाढत होता. त्यानंतर सिस्टर आम्हाला एवढंच म्हणाल्या की माणूस बिघडायला लागला की बहुतेक वेळा श्वास आधी बदलतो, बीपी पडेपर्यंत उशीर झालेला असतो. आदल्या दिवशीचे १८ कुणी लिहिले ते त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं विचारायला हवं होतं.

दुसरं, नाव. आमच्याकडे एका वॉर्डात एकाच वेळी दोन लक्ष्मीबाई पाटील असणं काही विशेष नाही. गोळ्या देताना सवयीनं आपण विचारतो, ‘आजी, तुम्ही लक्ष्मीबाई ना?’ आजी हो म्हणतात. कमी ऐकू येणारी, तापातली, गोंधळलेली आजी कशालाही हो म्हणते. म्हणून प्रश्न असा विचारायचा की तिला उत्तर द्यावं लागेल: ‘आजी, नाव सांगा तुमचं पूर्ण.’ कन्नड पेशंट असेल तर ‘निम्म हेसरेन्री?’ आणि मग हातातल्या पट्टीवरचा आयपी नंबर, म्हणजे ॲडमिशनचा नंबर, केस शीटशी जुळवायचा. बेड नंबरवर कधीच जायचं नाही, कारण पंख्याखालचा बेड रिकामा झाला की पेशंट आपणहून तिकडे सरकतात. सुरुवातीला ह्याची लाज वाटते. आठ दिवस रोज भेटणाऱ्या मावशी हसतात, ‘अगं मीच की, विसरलीस व्हय?’ विसरले नाही मावशी, पण सांगा.

औषधाचे नियम पुस्तकात सगळ्यांना पाठ असतात: योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. परीक्षेत लिहून मार्क मिळतात. मला ते खरं कळलं एका दुपारी, इन्सुलिनच्या सिरिंजवरून. इनचार्ज सिस्टरांनी इन्सुलिनच्या दोन रिकाम्या व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, आणि दोन सिरिंज ट्रेमध्ये ठेवल्या, व्हायलमध्ये पाणी भरलं. एका व्हायलवर ४० आययू, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट, दुसरीवर १०० आययू. एका सिरिंजचं टोपण लाल, एकीचं केशरी. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या व्हायलसाठी, केशरी १०० साठी. मग त्यांनी मुद्दाम लाल सिरिंजनं १०० च्या व्हायलमधून २० च्या खुणेपर्यंत पाणी ओढलं आणि विचारलं, ‘किती युनिट?’ आम्ही सगळ्या एका सुरात ‘वीस’. त्यांनी फळ्यावर मांडलं. लाल सिरिंजवरची २० ची खूण म्हणजे अर्धा एमएल. १०० च्या व्हायलमध्ये अर्ध्या एमएलला ५० युनिट. म्हणजे अडीचपट. पेशंट शुगर उतरून बेशुद्ध. उलट केलं, केशरी सिरिंज आणि ४० ची व्हायल, तर वीसच्या खुणेला जेमतेम ८ युनिट, शुगर चढतीच. ज्यांच्या घरी कुणी इन्सुलिन घेतं त्यांनीही आज रात्री व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजचं टोपण बघा. मेडिकलवाला कधी एक संपलं म्हणून दुसरं देतो, त्याच्यावर सोडू नका.

फोनवर सांगितलेल्या ऑर्डरचंही तसंच. रात्री डॉक्टर फोनवर मात्रा सांगतात, लाइन खरखरते, इंग्रजीतलं फिफ्टीन आणि फिफ्टी एकसारखं ऐकू येतं. नाइटच्या एक सिस्टर न चुकता ऐकलेलं परत वाचून दाखवायच्या, ‘सर, वन-फाइव्ह, पंधरा, बरोबर?’ एक डॉक्टर एकदा चिडून फोन ठेवणारच होते. सिस्टरांनी शांतपणे पुन्हा विचारलं, लिहून घेतलं, सकाळी राउंडला सही घेतली. विद्यार्थिनीला हे अवघड असतं, कारण विचारलं की ‘एवढंही येत नाही?’ असं ऐकावं लागतं. मी ठरवून टाकलं होतं की तेवढं ऐकायचं. वय जास्त असल्याचा इथे फायदा झाला. सासरी आठ वर्षं काढलेल्या बाईला टोमण्याचं काय नवल.

सर्जिकल वॉर्डात पाठीची काळजी शिकलो. सासऱ्यांना झालेली जखम माझ्या डोळ्यांसमोर होती, त्यामुळे मी इथे जास्त लक्ष घातलं. झोपून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, चादरीची घडी सरळ करायची, माकडहाड, टाचा, नितंबाच्या कडा बघायच्या. लाल दिसलं तर बोटानं दाबून सोडायचं. पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिलं तर जखमेची सुरुवात झाली आहे, डॉक्टरांना दाखवायचं. आणि त्या लाल जागेवर चोळायचं नाही. आम्ही घरी सासऱ्यांना रोज खोबरेल लावून जोरजोरात चोळायचो, रक्त फिरावं म्हणून. भोकाची रबरी गादीही आणली होती, तीही आता नको म्हणतात. हे सगळं करताना आधी स्क्रीन ओढायचा. स्क्रीन तुटका असेल तर दोघींनी चादर धरायची. सत्तर वर्षांच्या माणसालाही लाज असते, नव्हे, जास्तच असते.

भाषेबद्दल सगळ्या विचारता म्हणून सांगते. वॉर्डात कन्नड लागतंच, बोलण्यापुरतं. सहा महिन्यांत जमतं. पण उलटंही आहे. बेळगावातल्या दवाखान्यांत महाराष्ट्रातल्या चंदगडकडचे पेशंट खूप येतात, त्यांना कन्नडचा गंध नसतो, आणि संमतीचा फॉर्म कन्नड-इंग्रजीत. एका बाईंचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन होतं. मुलानं सही केली होती, बाईंचा अंगठा घेऊन झाला होता. सिस्टरांना साक्षीदार म्हणून सही करायची होती. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बाईंना विचारलं, ‘मावशी, उद्या काय करणार आहेत तुमचं?’ बाई म्हणाल्या, ‘गाठ काढणार न्हवं.’ पिशवी काढणार हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सिस्टरांनी डॉक्टरांना परत बोलावलं. सांगायचं काम डॉक्टरांचं, पण मराठीत सांगायला मला उभं केलं. मी डॉक्टर बोलतील तेवढंच सांगत होते, मध्येच बाईंनी मला विचारलं, ‘तू असतीस तर काय केलं असतंस?’ मी डॉक्टरांना तो प्रश्नही तसाच सांगितला. उत्तर माझ्या पदरचं द्यायचं नाही, एवढं मला तोवर कळलं होतं. बाईंनी एक रात्र मागितली. दुसऱ्या दिवशी अंगठा परत घेतला, समजून.

आता गल्लीचं. नर्सिंगला गेलात की पेशंटइतकेच शेजारी सांभाळावे लागतात. आमच्याच भागातला एक जण वॉर्डात ॲडमिट होता. संध्याकाळी मी बसमधून उतरते तोच भजनी मंडळातल्या एक मावशी, ‘त्येला काय झालंय गं? तुझ्याच वॉर्डात हाय म्हणं.’ मी म्हटलं, ‘मावशी, तुम्हीच जाऊन भेटा की त्यांना.’ मावशींनी सासूबाईंना गाठलं, सासूबाईंनी मला. ‘मला सांगायला काय होतंय, मी कुठं बोलणार हाय?’ मी नाही सांगितलं. दोन दिवस घरात धुसफूस. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे, पेशंटच्या संमतीशिवाय ती माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही. पण साधा टीबी, गर्भपात, विष घेतलेली केस, ह्यांतलं काहीही गल्लीत आलं तर मुलींची लग्नं मोडतात. केस शीट पेशंटच्या पायाशी उघडी ठेवू नका, बसमध्ये मैत्रिणीशी केसबद्दल बोलू नका. वडगावच्या बसमध्ये कुणाचा कोण बसलाय सांगता येत नाही.

सुई टोचण्याची भीती सगळ्यांना असते. इंजेक्शन दिल्यावर सुईला टोपण परत घालायचं नाही, थेट पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्तानं भरलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनचे सेट आणि हातमोजे लालमध्ये, काच निळ्यात. तरीही टोचलीच तर जागा पिळायची नाही, साबण-पाण्यानं धुवायची आणि लगेच सांगायचं. एचआयव्ही होऊ नये म्हणूनचं औषध शक्यतो दोन तासांच्या आत, फार तर ७२ तासांपर्यंत सुरू होतं आणि २८ दिवस घ्यायचं असतं. लपवून ठेवणाऱ्या मुली मी बघितल्यात, शिव्या खायला नकोत म्हणून.

तिसऱ्या वर्षी लेबर रूम. हे मला अजून नीट लिहिता येत नाही.

बाळंतपणाच्या केसेस आपल्या नोंदीच्या पुस्तकात भराव्या लागतात, ठरावीक संख्या झाली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. त्यामुळे कळा घेत असलेल्या बाईभोवती आम्ही विद्यार्थिनी घुटमळत असायचो, आणि बाईकडे बघण्याऐवजी ‘ही केस कुणाची’ हे बघायचो. कळांच्या पहिल्या टप्प्यात आतली तपासणी साधारण चार तासांनी पुरते, जास्त केली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हे आम्ही वाचलेलं होतं. प्रत्यक्षात एका बाईला एका दुपारी तीन-चार वेगवेगळ्या हातांनी तपासलेलं मी बघितलं. तिला कुणी विचारलं नाही. ओरडली तर ‘नवऱ्याजवळ जाताना ओरडली नाहीस का’ हे वाक्य. हे वाक्य मला स्वतःच्या बाळंतपणातही ऐकवलं होतं, दुसऱ्या दवाखान्यात, जवळजवळ अशाच शब्दांत. शिकलेल्या बायका हे कुठे शिकतात देव जाणे.

मी आमच्या ट्यूटर मॅडमना विचारलं, की मी आधी परवानगी मागू का. त्या म्हणाल्या, ‘मागायलाच हवी.’ तेव्हापासून मी बाईच्या तोंडाशी जाऊन सांगायचे, ‘मी शिकणारी आहे, मॅडम माझ्याबरोबर आहेत, तपासू का? नको म्हणालात तरी तुमचं काही अडणार नाही.’ बहुतेक जणी हो म्हणायच्या. यमकनमर्डीकडची एक पहिलटकरीण मान हलवून नको म्हणाली. ती केस माझ्या पुस्तकात आली नाही. मैत्रीण वैतागली, ‘अक्का, तू विचारतेस म्हणून त्या आता आम्हालाही नको म्हणतात.’ ते खरंच होतं. मी पुढच्या महिन्यात जादा नाइट घेऊन केसेस पूर्ण केल्या. नको म्हणालेल्या त्या पहिलटकरणीच्या कमरेला मी तासभर हात चोळून दिला. बाळ झालं, मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, बाळ उघडं आईच्या छातीवर, वरून कोरडं फडकं. ते सगळं मॅडमनी केलं, मी ट्रे धरून होते.

आणि बाहेर मामी पन्नासची नोट घेऊन उभ्या. मुलगा झाला की नोट मोठी होते. ‘पेढे द्या, पैसे नको’ म्हणायचं. काही ठिकाणी खालच्या लोकांचा दरच ठरलेला असतो आणि तुम्ही घेतले नाहीत तर ते तुमच्यावर रागावतात. मला ह्यावर तोडगा सापडलेला नाही. मी घेतले नाहीत, एवढंच.

बोर्डाची शेवटची परीक्षा २०२४ च्या अखेरीस झाली. प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येतात. मला एनिमाची प्रोसीजर आली. ट्रे बिनचूक लावणाऱ्या मुलींचेही मार्क एकाच ठिकाणी गेले: पेशंटला काय करणार ते न सांगता चादर उचलली. सलाईनचं गणित तोंडी विचारतातच. ५०० एमएल आठ तासांत, सेट २० थेंबांचा, म्हणजे एका एमएलला २० थेंब, तर ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, मिनिटाला २१ थेंब. हे झोपेतही यायला हवं.

निकालाला काही महिने लागले. त्या काळात कॉलेजकडे अडकलेली मूळ मार्क्स कार्डं सोडवून घ्या. आमच्या कॉलेजात ‘नंतर या’ बरेच दिवस चाललं. शेवटी लेखी अर्ज देऊन पोच घेतली तेव्हा मिळाली. तोंडी विचारत राहिलात तर विचारतच राहाल.

रजिस्ट्रेशनचा अर्ज ऑनलाइन भरला: एसएसएलसी, पीयूसी, तिन्ही वर्षांची मार्क्स कार्डं, कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट, डिप्लोमा, फोटो, सही. फीदेखील ऑनलाइनच. मूळ कागद दाखवायला मला बेंगळुरूला जावं लागलं. पद्धत बदलत राहते, त्यामुळे निघण्याआधी कौन्सिलची वेबसाइट बघूनच तिकीट काढा. बसनं गेलात तर शक्तीचं फुकट तिकीट साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांनाच आहे, स्लीपरला नाही. मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रेल्वेनं गेले, संध्याकाळी बसलं की सकाळी बेंगळुरू.

आणि तिथे नाव आडवं आलं. मार्क्स कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. काउंटरवरचे गृहस्थ वाईट बोलले नाहीत, पण दोन नावांची व्यक्ती एकच असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि लग्नाचं प्रमाणपत्र आणा म्हणाले. परत बेळगाव, कोर्टाच्या आवारात प्रतिज्ञापत्र, पाचशेच्या आत खर्च, पण बेंगळुरूची एक फेरी आणि दोन दिवस वाया. रजिस्ट्रेशन एसएसएलसीच्या नावानंच होतं हे लक्षात ठेवा. इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या रजिस्टरमध्येही नोंद करून एनयूआयडी, म्हणजे नर्सचा स्वतंत्र ओळख नंबर, घ्यायचा असतो, त्यालाही आधार लागतं. बोटांचे ठसे उमटत नसतील तर आधी आधार केंद्रात अपडेट करून घ्या. भांडी घासणाऱ्या हातांना ही अडचण येते, मला आली.

सगळं मिळून फी, कपडे, पुस्तकं, बस, बेंगळुरू असे अडीच लाखांच्या आसपास गेले, स्कॉलरशिप वजा करून दोन लाख दहा-वीस हजार. पाटल्या सोडवल्या नाहीत अजून. सध्या एका छोट्या दवाखान्यात १२ हजारांवर आहे, नाइट जास्त असतात.

ज्यांना पुढे कोल्हापूरला किंवा मुंबईला नोकरी करायची आहे त्यांनी एक लक्षात घ्या. कर्नाटकचं रजिस्ट्रेशन तिकडे थेट चालत नाही. इथल्या कौन्सिलकडून एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, गोव्याचं कौन्सिलही वेगळं. माझी वर्गमैत्रीण गडहिंग्लजला हजर होण्याचं पत्र घेऊन बसली आहे आणि एनओसीची वाट बघते आहे. नोकरी शोधायच्या आधी तो अर्ज टाका. आणि प्रतिज्ञापत्राच्या दोन-तीन मूळ प्रती एकदमच करून ठेवा, तिथेही मागतात.